आयरिश लाकडी फ्लूट पहिल्यांदा हातात घेताय? पहिले तीन महिने असे काढा

आयर्लंडमधल्या गॉलवेला येऊन मला सहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची चार मी ही काळी लाकडी बासरी वाजवतेय, जिला इथे सगळे नुसतं फ्लूट म्हणतात. साताऱ्याचे, पुण्याचे, एक-दोन डब्लिनमधले मराठी लोक सारखे विचारतात की सुरुवात कुठून करायची, कुठली घ्यायची, घेतली पण आवाजच येत नाहीये आता काय करू, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतेय. मी शाळेत असताना तीन वर्षं आपली बांबूची बासरी शिकले होते त्यामुळे मधेमधे तिच्याशी तुलना येत राहील, पण तुम्ही बासरी कधी हातात धरली नसेल तरी काही बिघडत नाही, एका बाबतीत तर तुम्हाला सोपंच जाईल, ते पुढे येईल.

महत्त्वाचं आधी सांगून टाकते. पहिला महिना धुना वाजवायच्या मागे लागू नका. पहिला महिना फक्त फुंक. बोटं कोणाचीही बसतात, दोन आठवड्यांत बसतात, पण ओठ आणि हवा जमली नाही तर पुढे वर्षभर तोच घोगरा, हवा जास्त आणि सूर कमी असा आवाज घेऊन तुम्ही धुना शिकत राहता आणि नंतर ते सुधारणं फार जड जातं. मी सोडून देणारे जेवढे लोक पाहिलेत ते जवळजवळ सगळे फुंकेपाशी सोडून गेले, बोटांपाशी कोणी नाही.

आता हे वाद्य नेमकं काय आहे ते. हिला सिंपल सिस्टीम फ्लूट म्हणतात, म्हणजे सहा भोकं, ती थेट बोटांनी झाकायची, मधे झाकणं-दांड्या काही नाही. काहींवर चार, सहा, आठ अशा धातूच्या की (बोटाने दाबायची छोटी झाकणं) असतात, त्या मधल्या कोमल-तीव्र स्वरांसाठी, पण सुरुवातीला बिनकीची पुरते आणि इथल्या बहुतेक धुना तिच्यावर वाजतात. नाव आयरिश असलं तरी जन्म आयर्लंडचा नाही बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये, जर्मनीत ऑर्केस्ट्रात हीच फ्लूट असायची. लंडनचा चार्ल्स निकल्सन मोठ्या भोकांची फ्लूट वाजवायचा, १८३१ मध्ये म्युनिकच्या थिओबाल्ड बोएमने त्याला ऐकलं आणि तसा दणदणीत आवाज हवा म्हणून बासरीची रचनाच नव्याने करायला घेतली, १८४७ मध्ये त्याची सरळ नळीची, भरपूर कींची फ्लूट आली, आज शाळेच्या बँडमध्ये दिसते ती चांदीसारखी फ्लूट म्हणजे तीच. मग वादक हळूहळू तिकडे वळले आणि जुन्या लाकडी फ्लूट सेकंड हँड बाजारात स्वस्तात मिळायला लागल्या, त्या आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचल्या, आणि खास करून स्लायगो, रॉसकॉमन, लीट्रिम या भागात अशा रुजल्या की आज हे वाद्य म्हटलं की लोकांना हाच भाग आठवतो.

आतली नळी सरळ नसते हे पण लक्षात ठेवा. डोक्याचा भाग सरळ, साधारण १९ मिलिमीटर, आणि तिथून खाली जाताना ती निमुळती होत जाते. आपल्या बांबूच्या बासरीत असं नसतं. हिचा खालचा आवाज जो काळा, दाट, थोडा करकरीत येतो त्यात या निमुळत्या नळीचा मोठा हात आहे.

घ्यायची कुठली. इथे मी स्वतः चुकले होते म्हणून जरा कळकळीने सांगते. मी पहिली एका ऑनलाइन दुकानातून घेतली होती, दिसायला फार सुंदर, पितळी रिंगा, मखमली पेटी, किंमत एकदम कमी. दोन महिने रोज फुंकत बसले, खालचा स्वर यायचाच नाही, वरचं सप्तक खालच्याशी जुळायचं नाही, मला वाटायचं माझ्यातच खोट आहे. मग जिच्याकडे मी शिकायला जायला लागले त्या बाईंनी ती हातात घेतली, दोन मिनिटं वाजवून पाहिली, त्यांच्याकडूनही तो स्वर आला नाही, आणि त्यांनी आपली स्वतःची फ्लूट माझ्या हातात दिली. त्या फ्लूटवर पहिल्या पाच मिनिटांत माझा जी (पाश्चात्त्य नावांतला G) स्वर लागला. त्यामुळे नियम एकच, कोणीतरी वाजवणाऱ्याने वाजवून पाहिल्याशिवाय स्वस्त, शोभेची लाकडी फ्लूट घेऊ नका. पैसे कमी असतील तर लाकूड सोडा आणि प्लास्टिकची घ्या, इंग्लंडमध्ये टोनी डिक्सनच्या पॉलिमरच्या मिळतात, काही कारागीर डेलरिन नावाच्या टणक काळ्या प्लास्टिकच्या करतात, त्या तडकत नाहीत, तेल लागत नाही, सुरात असतात. महाराष्ट्रात राहून शिकणार असाल तर मी तर म्हणेन की पहिली डेलरिनचीच घ्या, आपल्याकडे मे महिन्याचं कोरडं ऊन आणि जुलैचा पाऊस हे दोन्ही लाकडाला झेपवणं अवघड. चांगल्या कारागिराची बिनकीची लाकडी काही शे युरोंपासून सुरू होते, कीवाली हजारांत जाते, आणि नावाजलेल्या कारागिरांकडे नंबर लावून थांबावं लागतं.

भोकं मध्यम किंवा लहान असलेली मागा. कारागिरांच्या तोंडी रुडॉल आणि प्रॅटन अशी दोन नावं येतात, ते लंडनच्या जुन्या फ्लूटचे नमुने आहेत, प्रॅटन नमुन्याची भोकं आणि नळी मोठी, आवाज मोठा, पण हवा खूप खाते, तर नवशिक्याने रुडॉल नमुन्याची लहान भोकांची घेतलेली बरी. लाकडात बहुतेक आफ्रिकन ब्लॅकवुड असतं, ते आपल्या शिसवाच्याच कुळातलं, जड आणि तेलकट. बॉक्सवुड पिवळं, हलकं आणि दिसायला गोड, पण हवेतल्या ओलाव्याने वाकतं, म्हणून पहिली ती नको.

आणि फ्लूट यायला वेळ लागणार असेल तर तोवर डी (D) स्वराची टिन व्हिसल, म्हणजे उभी धरून वाजवायची पत्र्याची छोटी बासरी, घेऊन ठेवा. दहा-पंधरा युरोत येते, बोटं जवळजवळ तीच, आणि तिला फुंकेची झटापट नाही त्यामुळे धुना तिच्यावर शिकता येतात. मी पहिल्या महिन्यात फ्लूटवर धुना वाजवू नका म्हणाले ना, तर तो धुनांचा हट्ट व्हिसलवर पुरवून घ्या.

फ्लूट आली. जोडताना सांध्यांना जो दोरा किंवा कॉर्क असतो त्याला थोडं कॉर्क ग्रीस लावा आणि सरळ दाबू नका, फिरवत फिरवत घाला. पण आज पूर्ण जोडायचीच नाहीये. आज फक्त डोक्याचा भाग, म्हणजे ज्याला फुंकायचं भोक आहे तो तुकडा, तेवढाच काढा आणि आरशासमोर उभे राहा.

ओठ सैल मिटा. भोक ओठांच्या मधे टेकवा, जसं काही त्याचा मुका घेताय, आणि मग तुकडा हळूच स्वतःपासून बाहेरच्या बाजूला फिरवा इतका की भोकाची जवळची कड खालच्या ओठाच्या कडेला लागेल. खालचा ओठ भोकाचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतो. आता ओठांच्या बरोबर मधे अगदी बारीक फट करून, गरम चहावर फुंकर घालतो तशी पण त्याहून बारीक हवा समोरच्या कडेवर सोडा. सगळी जादू त्या समोरच्या कडेत आहे, हवेची पट्टी तिथे आपटून थोडी आत थोडी बाहेर अशी झुलायला लागली की सूर निघतो. चांदीच्या फ्लूटपेक्षा इथे हवा जास्त खाली, भोकाच्या आत मारायची असते, हे ज्यांनी ती वाजवलीय त्यांनी ध्यानात ठेवा. आणि बांबूवाल्यांनी हे, की इथे भोकाच्या जागी भिंत जाड असते आणि कड तासलेली, धारदार असते, त्यामुळे जागा सापडायला वेळ लागतो पण सापडली की आवाज जास्त घट्ट येतो.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुष्कळ झाली. चक्कर येईल, खरंच येते, कारण आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो आणि टाकतो. आली की बसा, फ्लूट खाली ठेवा, पाणी प्या, दोन मिनिटांनी परत. तशीच ओढत राहू नका. दिवसातून दहा-दहा मिनिटं तीनदा हे एका तासापेक्षा कितीतरी चांगलं (नवी लाकडी असेल तर सुरुवातीला दिवसाला पंधरा मिनिटंच, ते शेवटी काळजीत येईल), ओठांचे स्नायू छोटे असतात, दमले की चुकीची सवय लावून घेतात.

एक गोष्ट मला फार उपयोगी पडली ती सांगते. जानेवारी होता, घर थंड, आणि मी न्हाणीघरात आरशासमोर उभी. फुंकताना भोकाच्या पलीकडे काळ्या लाकडावर वाफेचा एक छोटा डाग दिसला, आणि तो डाग मधे नव्हता, डावीकडे सरकलेला होता. म्हणजे माझी हवा तिरकी जात होती आणि मला वाटत होतं सरळ जातेय. मग मी तो डाग बघत बघत फुंकायला लागले, भोक अगदी थोडं डावीकडे घेतलं, तर डाग मधे आला आणि लहान झाला, त्रिकोणासारखा, आणि त्याच क्षणी आवाजातली ती सूं सूं निम्मी कमी झाली. तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी डाग बघायला सांगते. डाग पसरट असेल तर ओठांची फट मोठी आहे. दोन डाग असतील तर वरचा ओठ मधे टेकतोय, काही जणांच्या वरच्या ओठाला मधे टोक असतं, त्यांनी भोक थोडं बाजूला घेऊन वाजवावं, त्यात वावगं काही नाही.

चार-पाच दिवसांत डोक्याच्या तुकड्यातून दहा सेकंद न थरथरता सूर लागला की पूर्ण जोडा. डोक्याचा भाग थोडा आत वळवून ठेवायचा असतो, इतका की फुंकायच्या भोकाची पलीकडची कड बोटांच्या भोकांच्या मध्यरेषेत येईल, सुरुवातीला एवढं करा, नंतर तुमच्या ओठाप्रमाणे थोडं इकडेतिकडे करून घ्या. जागा सापडली की तिथे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा, रोज शोधत बसू नका.

पकड. फ्लूट पडेल अशी भीती वाटते म्हणून लोक बोटांनी आवळतात आणि तिथेच सगळं अडकतं. तिला तीन ठिकाणी आधार आहे: खालचा ओठ, डाव्या तर्जनीचा मुळाकडचा भाग, आणि उजवा अंगठा. उजवी करंगळी खालच्या तुकड्यावर अलगद ठेवा, तोलासाठी. भोकांवरची सहाही बोटं एकदम उचलली तरी फ्लूट हातात राहिली पाहिजे, तसं करून बघा, पलंगावर बसून बघा म्हणजे पडली तरी काही होणार नाही. बोटं वाकडी टोकावर उभी करायची गरज नाही, सपाट, पेराच्या गादीने झाका, उजव्या हाताला ताण पडत असेल तर अजून थोडं पुढे सरकवून मधल्या पेराने झाका, बांबूच्या मोठ्या बासरीवर करतो तसं.

मग स्वर. सुरुवात खालून नको, वरून. डावी तर्जनी एकटी बंद, तो बी. दुसरं बोट ठेवलं की ए, तिसरं ठेवलं की जी. इथेच एक आठवडा राहा, हे तीन स्वर लांब, एका श्वासात, आणि जी चांगला मोकळा गोल झाल्याशिवाय उजव्या हाताकडे जाऊच नका. त्यानंतर एफ शार्प, ई, आणि शेवटी सहाही बंद केली की डी. सगळी उघडी ठेवली तर सी शार्प.

आता बांबूवाल्यांसाठी. या फ्लूटची बोटं आणि स्वरांमधली अंतरं तुमच्या बासरीसारखीच आहेत, फक्त सा ची जागा बदलते. आपण तीन भोकं बंद करून सा मानतो आणि सहा बंद केली की मंद्र पंचम. इथे सहा बंद म्हणजे डी, पेटीची पांढरी दोन, आणि डी च्या धुनांमध्ये तोच सा. मला हे पचायला दोन-तीन आठवडे लागले, हात जी वर गेला की डोकं सा म्हणायचं. ज्यांनी बासरी वाजवलेली नाही त्यांना हा गोंधळच नाही, सुरुवातीला म्हणाले ते हेच. दुसरं, सगळी भोकं उघडली की आपल्याकडे तीव्र मध्यम येतो आणि शुद्ध मध्यमासाठी आपण वरचं भोक अर्धं झाकतो. इथे तोच स्वर, म्हणजे सी नॅचरल, बहुतेक अर्धं झाकून नाही तर उलटसुलट बोटांनी काढतात: पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद, बाकी उघडी. काही फ्लूटवर पहिलं उघडं, दुसरं बंद, तिसरं उघडं आणि खालची तिन्ही बंद, हे जास्त सुरात लागतं. दोन्ही करून बघा आणि तुमच्या फ्लूटला जे मानवेल ते ठेवा. रियाजाला तानपुऱ्याचं ॲप जरूर लावा, डी च्या धुनांना पांढरी दोन, जी च्या धुनांना पांढरी पाच. इथे कोणी असं करताना मी फारसं पाहिलं नाही, पण कान पक्का करायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. धुनांचे स्वर पण ओळखीचे निघतात, मेजर म्हणजे आपला बिलावल, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी थाटाचे स्वर. राग नव्हेत हे, चाल वेगळीच आहे, पण कुठला स्वर कोमल येणार हे पटकन कळतं.

खालच्या डी बद्दल थोडं थांबून लिहिते, कारण या वाद्याचा जीव तिथे आहे. तो येत नाही तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा कुठलंतरी बोट गळत असतं, फुंक नंतर. बी पासून एकेक बोट ठेवत खाली या आणि कुठल्या बोटाला आवाज फुटतो ते बघा, माझं बहुतेक उजव्या अनामिकेला फुटायचं. मग फ्लूट खाली ठेवून बोटांच्या गादीवरचे ठसे बघा, पूर्ण गोल ठसा असेल तर भोक झाकलं गेलंय, अर्धचंद्र असेल तर तिथून हवा जातेय. खूप खोल, लाल ठसा असेल तर तुम्ही दाबताय, सैल करा, हवा अडवायला जोर लागत नाही, जागा बरोबर लागते. सगळे ठसे गोल आणि तरी डी मेणचट येत असेल तर मग फुंकेकडे या: ओठांची फट अजून लहान, हवा अजून खाली, आणि वेग जास्त. वेग म्हणजे जास्त हवा नव्हे. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब जातं ना, तसं.

माझा तो पहिला खरा डी सातव्या आठवड्यात आला. स्वयंपाकघरात उभी होते, कुकर लावला होता, शिट्टी व्हायच्या आत पाच मिनिटं वाजवावं म्हणून उचलली. आणि एकदम आवाजाला कड आली, जणू तोच स्वर पण आतून कोणी दिवा लावल्यासारखा, आणि उजव्या हाताच्या तिन्ही बोटांना खालून लाकूड थरथरताना लागलं. ती थरथर ही खूण. पुढच्या वेळी कानाने शोधू नका, बोटांनी शोधा, थरथर लागली की त्या क्षणी ओठ कसे आहेत ते मनात धरा. दुसऱ्या दिवशी तो गेलेला असेल, तिसऱ्या दिवशी परत येईल, महिनाभर असंच चालतं, घाबरू नका.

वरचं सप्तक याच बोटांनी येतं, फक्त मधल्या डी ला डावी तर्जनी उचलायची. तिथे जोरात फुंकायचा मोह होतो. फुंकू नका. ओठांची फट लहान करा आणि ओठ किंचित पुढे घ्या, समोरच्या कडेजवळ, सूर आपणहून वर उडी मारतो. रोज पाच मिनिटं खालचा जी, वरचा जी, परत खालचा, असं एका श्वासात करा, आवाजाचा मोठेपणा तोच ठेवून.

दुसऱ्या महिन्यात धुना सुरू करा. बहुतेक धुना दोन भागांच्या, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजवायचा. धुनांचे प्रकार मात्रांवरून: जिग सहाची, तीन-तीन अशी, म्हणजे दादऱ्याच्या मापाची पण ठेका वेगळा, तीनातला पहिला स्वर थोडा लांब आणि मधला चिमटीत पकडल्यासारखा आखूड. पोलका दोनचा, सोपा. रील चारचा, वेगवान, तो तिसऱ्या महिन्यावर ठेवा. मी केश जिगपासून सुरुवात केली, ती जी मध्ये आहे, इथे सगळ्यांना येते आणि पहिल्या भागात हात फार धावत नाही. कागदावरून शिकू नका, कानाने शिका, एकेक तुकडा गुणगुणून मग बोटांत आणा, आपण बंदिश जशी शिकतो तसंच, आणि इथलेही जुने लोक तसंच शिकवतात.

श्वास मात्र आधी ठरवावा लागतो कारण या संगीतात विश्रांतीची जागाच नसते, स्वर सलग चालतात. मग श्वास घ्यायला एखादा स्वर गाळायचा. कुठला गाळायचा हे कलेचा भाग आहे: ठेक्यावरचा कधीच गाळू नका, मधला बिनमहत्त्वाचा गाळा, किंवा लांब स्वर आखूड करून तिथे घ्या. प्रत्येक ओळीत दोन जागा ठरवून ठेवा आणि पूर्ण रिकामं व्हायच्या आत घ्या. लीट्रिमचा जॉन मकेना अमेरिकेत गेला, १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या ७८ आरपीएम रेकॉर्ड निघाल्या, त्या ऐका, त्याच्या श्वासाच्या जागा आणि पोटातून येणारे हवेचे धक्के स्वच्छ ऐकू येतात, ठेका तिथूनच येतो. नंतर मॅट मोलॉयला ऐका, रॉसकॉमनचा, १९७९ मध्ये चीफटन्स या नावाजलेल्या आयरिश बँडमध्ये आलेला, त्याची सफाई आणि वेग वेगळ्याच जातीचा. दोघांना आलटून पालटून ऐकलं की या एका वाद्यात किती अंतर आहे ते कळतं. वेस्टपोर्टला मोलॉयचा पब आहे, इकडे फिरायला आलात तर जा.

जीभ फार मारू नका. व्हिसलवरून आलेले प्रत्येक स्वराला तू-तू करतात, फ्लूटवर ते टोचतं. दोन सारखे स्वर तोडायला कट वापरा, म्हणजे वरचं एखादं बोट क्षणभर उचलून ठेवायचं, आपल्या कणासारखं पण त्याहून लहान, त्याला स्वर म्हणून ऐकूच यायला नको, नुसती चिमटी. जी वर असाल तर डावी अनामिका उचला. खालचं बोट आपटून उचललं की तो टॅप, जी ला उजवी तर्जनी. जी, कट, जी, टॅप, जी, हे सगळं एका लांब स्वरात बसवलं की रोल. पहिल्या तीन महिन्यांत फक्त जी चा रोल, तोही सावकाश. आपले मींड-गमक इथे आणू नका, मी आणले होते, त्याने ठेका विरघळतो.

सेशनला, म्हणजे पबमध्ये सगळे मिळून वाजवतात त्या बैठकीला जा, पहिल्या दिवसापासून जा, पण वाजवायला नाही, ऐकायला. कडेला बसा, फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारा, लोक हो म्हणतात. जी धून पूर्ण येत नाही ती मधेमधे वाजवू नका. एखादी येते असं वाटलं की शेजारच्याला सांगा, ते तुमच्या वेगात लावतात. जुलैच्या सुरुवातीला क्लेअरमध्ये मिलटाउन मॅलबेला विली क्लॅन्सी समर स्कूल असतं, १९७३ पासून चालू आहे, आठवडाभर सकाळी फ्लूटचे वर्ग आणि दिवसरात्र रस्त्यावर, पबमध्ये संगीत, नवशिक्यांनाही घेतात. आयर्लंडमध्ये असाल तर कोल्टस नावाच्या संस्थेच्या शाखा गावोगावी आहेत, १९५१ मध्ये सुरू झालेली, तिथे थोड्या पैशांत आठवड्याचे वर्ग मिळतात.

शेवटी फ्लूटची काळजी. नवी लाकडी फ्लूट पहिले दोन आठवडे दिवसाला पंधरा मिनिटंच वाजवा, मग हळूहळू वाढवा, नाहीतर आतून ओली आणि बाहेरून कोरडी होऊन तडकते. वाजवून झाली की लगेच काठीला मऊ सुती कापड गुंडाळून आतून पुसा, जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात छान. तेल बदामाचं, पण खायचं शुद्ध बदाम तेल, केसांना लावायचं सुवासिक नाही, त्यात बाकीचं बरंच काही असतं. दोन-चार थेंब कापडावर घेऊन आतून, रात्रभर ठेवून सकाळी जास्तीचं पुसून टाका, पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा. रेडिएटरजवळ, गाडीत, खिडकीत ठेवू नका, आणि जोडलेली ठेवू नका.

गेल्या मे मध्ये मी ती साताऱ्याला नेली होती. चौथ्या दिवशी पेटी उघडली तर सांध्यांवरच्या धातूच्या रिंगा बोटाने फिरत होत्या, एक तर निसटून पेटीत पडलेली. लाकूड सुकून आकसलं की असं होतं आणि ही तडकण्याच्या आधीची सूचना असते, तेव्हा वाजवायचं लगेच थांबवायचं. मी साबणाच्या छोट्या भोकं पाडलेल्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज घातला, ती डबी फ्लूटसोबत पेटीत ठेवली, पेटी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली आणि आईच्या देवघराच्या खालच्या कपाटात, सगळ्यात गार जागी ठेवली, स्पंज रोज सकाळी परत ओला. सहाव्या दिवशी रिंगा घट्ट झाल्या. मग नव्या फ्लूटसारखं परत पंधरा मिनिटांपासून सुरू केलं.